तू बोललीस की वस्ती ऐकू येते

सरांनी माझ्या हातातले कागद काढून घेतले. हिसकावले नाहीत. कोपऱ्याला दोन बोटं लावून अलगद ओढले, माझं बोट त्यांच्या बोटाला लागू नये अशा बेतानं. पडद्याच्या अलीकडे आम्ही आठ-दहा मुलं उभी होतो. पलीकडे सगळं कॉलेज बसलं होतं.

ती सात पानं मी लिहिली होती. त्या वर्षीच्या गॅदरिंगचे पाहुणे पैनगंगेपलीकडचे, महाराष्ट्रातले, म्हणून आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच सूत्रसंचालन मराठीतून ठरलं होतं. पंधरा दिवस मी तालीम केली. सर रोज समोर बसून ऐकायचे. एकदाही काही बोलले नाहीत. ऐन वेळेला कागद काढले आणि माझ्याच वर्गातल्या एका वकिलाच्या मुलीला दिले. मी विचारलं, काऊन सर?

"आवाज चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "पण तू बोललीस की वस्ती ऐकू येते."

मुलं हसली. फार नाही. सरांना बरं वाटेल इतकी.

तेवढ्यात स्टेजवर पाहुण्यांच्या टेबलावरचं शहाळं कलंडलं. सरांनी कोपऱ्यातलं फडकं पायानं माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "आईचं काम मुलीला येत असेलच. पूस."

माझी माय त्याच कॉलेजात झाडू मारायची. आम्ही मांग. गाव तामसीकडचं, पण बाप गेल्यावर माय मला घेऊन आदिलाबादला लागूनच असलेल्या मावल्याला आली आणि कॉलेजात ठेकेदाराच्या हाताखाली लागली. सर जुन्या घरातले. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात पेशकार होते, हे ते वर्गात दर महिन्याला सांगायचे.

मी फडकं उचललं. वाकलेसुद्धा. मग कुठून तरी माय आली. तिनं माझ्या हातातून फडकं घेतलं, मला बाजूला केलं आणि स्टेजवर जाऊन गुडघ्यावर बसली. पडदा उघडला तेव्हा ती पुसतच होती. तिच्या डोक्यावरून वकिलाच्या मुलीनं वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य माझं होतं. टाळ्या पडल्या.

मी काही केलं नाही. हे सरळ लिहिते, कारण लोकांना वाटतं की आमच्यासारखे लगेच पेटून उठतात. मी पडद्यामागं उभी राहिले आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला मायला हात लावला. घरी जाताना माय एवढंच बोलली, पोटात ठेव. ठेवलं. जिरलं नाही.

मी शाळेत असताना सिस्टर लोकांच्या होस्टेलात राहिले होते. आम्ही ख्रिस्ती झालो नाही, कोणी व्हा म्हणालंही नाही. तिथल्या मोठ्या सिस्टरला मी घडलेलं सांगितलं. तिनं कुरवाळलं नाही. तिच्या धर्मसंघाचं पूर्व आफ्रिकेतल्या एका कॅथलिक विद्यापीठाशी नातं होतं. तिथं संवादशास्त्र शिकवतात म्हणाली. रेडिओ, बातमी, लोकांशी बोलणं. फी संघ भरेल. डिग्री झाल्यावर मी फॉर्म भरला. आफ्रिका कुठं आहे ते मायला नकाशात दाखवलं, तर तिनं मध्ये असलेल्या निळ्या रंगावर बोट ठेवून विचारलं, "हे सगळं पानीच का?"

पहिले सहा महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. इंग्रजी अडत होती, पण खरं कारण ते नव्हतं. बोलले की वस्ती ऐकू येईल, हे डोक्यात बसलं होतं. तिथं कोणाला माझी वस्ती माहीत नव्हती, तरी. एका आपल्याकडच्या दुकानदाराला मात्र माहीत करून घ्यायची होती. पीठ बांधता बांधता त्यानं आडनाव विचारलं, मग गाव, मग पुन्हा आडनाव. पुढच्या खेपेला पिशवी हातात दिली नाही, फळीवरून पुढं ढकलली. समुद्र ओलांडून आले होते मी. तोही आलाच होता.

रेडिओ शिकवायला फादर बोनिफास होते. काळे, किडकिडीत, साठीचे, सतत खोकणारे. त्यांनी सगळ्यांना एक काम दिलं. स्टुडिओत जायचं, माइकसमोर बसायचं, आपल्या घरच्या भाषेत तीन मिनिटं बोलायचं. बाकीच्यांनी काचेपलीकडून नुसता आवाज ऐकायचा. शब्द कोणालाच कळणार नाहीत, म्हणून लाजायचं कारण नाही.

मी बसले. आमी मावल्याला राह्यतो, माही माय झाडू मारते, इथून सुरू केलं. आणि मग ते फडकं आलं. सर आले. मी थांबले नाही. तीन मिनिटं झाली, लाल दिवा विझला, मी बोलतच होते. बाहेर आले. युगांडाची एक मुलगी म्हणाली, ही कोणाला तरी मारायला निघाली आहे.

फादरनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. ऐकता ऐकता मला म्हणाले, "राग कमी करू नकोस. माइकपासून चार बोटं लांब बस. जवळ बसलीस की राग फाटतो, शब्द कळत नाहीत."

माझ्या आवाजाबद्दल कामाचं असं कोणी पहिल्यांदाच बोललं होतं. त्या दिवसापासून मी शिकायला लागले. वाक्य कुठं तोडायचं ते शिकले. माणसाला विचारून गप्प कसं बसायचं, म्हणजे तो खरं बोलतो, ते शिकले. साक्ष कशी नोंदवायची, नाव, गाव, कोणासमोर घडलं, सगळं. आणि प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर एकच माणूस होता. माझ्या सोबतच्यांना पत्रकार व्हायचं होतं. मला सरांसमोर उभं राहायचं होतं.

शेवटच्या वर्षी एक विषय होता, संवाद आणि समेट. फादर सांगत होते की आधी सत्य बोललं जावं, मग क्षमा येते. मी हात वर केला. म्हटलं, माझ्याकडे कोणी क्षमा मागितलीच नाही, मग मी ती कोणाला देऊ? तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. लहानपणी मिशनच्या शाळेत आईची भाषा बोलली की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे, म्हणाले. दिवसभर ती घालून फिरायचं. पाटी अडकवणारा मास्तर परका नव्हता. त्यांच्याच गावचा होता, त्यांच्याच भाषेचा.

मी विचारलं, त्याला माफ केलं का.

फादर खोकले. मग म्हणाले, "मी धर्मगुरू आहे, मला करावं लागलं. तू धर्मगुरू नाहीस."

डिग्री मिळाली त्यापेक्षा हे वाक्य मला मोठं वाटलं. कोणीतरी पहिल्यांदा मला माफ न करायची मोकळीक दिली होती.

परत आले. आदिलाबाद तेच. सर आता प्रिन्सिपल झाले होते. माय तिथंच, फक्त गुडघे गेलेले. महिन्याभरात सर स्वतः फोनवर आले. परदेशात शिकून आलेली आपल्या कॉलेजची मुलगी, गॅदरिंगला सत्कार करायचा आहे, म्हणाले. मला बेटा म्हणाले. ते सगळं विसरले असतील असं मला आधी वाटलं. पण विसरले नव्हते. त्यांच्या लेखी ते लक्षात ठेवण्यासारखं कधी नव्हतंच.

मी मायला सगळं सांगितलं. मी काय बोलणार तेही सांगितलं. तुझं काम जाईल म्हटलं. माय भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"त्या दिशी तुह्या हातातलं फडकं मी घेतलं ना," ती म्हणाली. "मले वाटलं, पोरीले वाचवलं. मंग तू हासनंच सोडून देल्लं. बोल तू. मी दुसरीकडं झाडीन."

सत्काराच्या दिवशी मायला मी पहिल्या रांगेत बसवलं. ती उठू उठू करत होती. मी तिचा हात धरून पुन्हा बसवलं. सर भाषणात म्हणाले की या मुलीच्या हातात पहिला माइक मी दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल घेऊन ते माझ्याकडे वळले. मी शाल घेतली नाही. माइक घेतला.

मी माझ्या घरच्या बोलीत बोलले. या कॉलेजात याच स्टेजवर याच सरांनी माझ्याकडून कागद कसे घेतले, काय म्हणाले, फडकं पायानं कसं सरकवलं, माझी माय कुठं बसून पुसत होती. बोटानं जागा दाखवली. एक शब्द वाढवला नाही. आवाज चढवला नाही. मग म्हटलं, आता हेच तेलुगूत सांगते, नंतर हिंदीत, म्हणजे मला समजलंच नाही असं कोणी म्हणू नये.

तेलुगूतली दोन वाक्यं झाली आणि माइक बंद पडला. सरांनी मागं माइकवाल्याला हात केला होता, मी पाहिलं. मी स्टेजच्या पायऱ्या उतरले आणि खुर्च्यांच्या मधोमध उभी राहून तेलुगूतलं पूर्ण केलं. हिंदीतलंही पूर्ण केलं. सर शाल हातात धरून उभे होते. ती घडी करावी की ठेवून द्यावी, त्यांना कळत नव्हतं. तो चेहरा मी नीट पाहून घेतला. घाई केली नाही. मला बरं वाटलं. लोक सांगतात की बदला घेतल्यावर रितं वाटतं. मला रितं वाटलं नाही.

पुढच्या सोमवारी ठेकेदारानं मायला गेटवरूनच परत पाठवलं. कारण सांगितलं नाही. चार दिवसांनी सरांचा फोन आला. झालं गेलं विसरून जा म्हणाले. चार ओळी लिहून दे, रागाच्या भरात बोलले म्हणून, आई उद्यापासून कामावर. मी विचारलं, तुमी काय लिहून देता?

"मी तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे," ते म्हणाले.

"माह्या बापानं माह्यापुढं कधी फडकं टाकलं नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

माय आता मावल्याच्या पार दुसऱ्या टोकाला एका दवाखान्यात झाडते. लांब पडतं. पाय सुजतात. ती कुरकुरत नाही, पण संध्याकाळी तिचे पाय चोळताना मी सरांची आठवण काढते. मुद्दाम काढते.

त्या दिवसानंतर लोक माझ्याकडे यायला लागले. सरांच्या हाताखालून गेलेले. तामसीचा एक मास्तर आला, त्याला सरांनी वर्षभर वर्गात आडनावानं हाक मारली नव्हती, जातीनं मारली होती. निर्मल गावची एक बाई आली, तिनं कॉलेजच सोडलं होतं. बोलता बोलता तिनं दोनदा पाणी मागितलं. बसनं जाऊन मी बाकीच्यांची घरं शोधते. शिकले तसं नोंदवते. नाव, गाव, वर्ष, कोणासमोर. खाली सही. विद्यापीठाकडे तक्रार दिली आहे, पोलीस ठाण्यातही दिली आहे. तिथला साहेब म्हणाला, म्हातारे झाले ते आता, पुढच्या वर्षी रिटायर होतील, सोडा ना मॅडम. मी पोच मागितली. शिक्का मारून घेतला.

सरांचं नाव मी इथं लिहिलं नाही. तक्रारीत लिहिलं आहे, पूर्ण, बापाच्या नावासकट. विद्यापीठाच्या चौकशीची तारीख अजून लागली नाही. दर सोमवारी मी विचारायला जाते, पुढच्याही सोमवारी जाणार. ते रिटायर झाले तर त्यांच्या पेन्शनच्या कागदाला माझी तक्रार जोडलेली असेल. आजारी पडले तरी मी ती मागं घेणार नाही. सिस्टर म्हणते, प्रार्थना कर. मी करत नाही. मी तारखेची वाट पाहते.