मनातला पासवर्ड

बायकोची बी.ए. मी जवळजवळ बुडवली होती, तीही घर सुरक्षित करण्याच्या नादात.

आर्वीतल्या आमच्या घरात सगळे पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेले असत. (दूधवाल्यालाही पाठ होते!) पुण्याहून लेक प्राची आली आणि किंचाळलीच. "बाबा, पासवर्ड मॅनेजर घ्या!"

मी आठ दिवस तीन ॲप पारखली. एकाला दरवर्षी पैसे भरायचे. दुसऱ्याच्या सूचना वाचतानाच घाम फुटला. तिसऱ्याच्या चित्रातलं कुलूप भक्कम दिसलं. तेच घेतलं! सगळे पासवर्ड त्यात, कॅलेंडर बंबात. आता मुख्य पासवर्ड तेवढा लक्षात ठेवायचा.

"लांब वाक्य ठेवा बाबा," प्राची म्हणाली. "मनातलं. मनातलं माणूस विसरत नाई."

त्या वेळी माझ्या मनात एकच विषय होता: सुधाकर. म्हणजे माझ्या बायकोचा, मंदाचा, धाकटा भाऊ. सिंदीहून दोन दिवसांसाठी आला होता आणि बाराव्या दिवशीही रश्शात पोळी कुस्करत होता.

प्राची पुण्याला गेली, सुधाकर राहिला. त्याच आठवड्यात मंदाच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपत होती. शेवटच्या दिवशी पाचपर्यंतच वेळ होता; साडेचारला मी कॉम्प्युटर उघडला. ॲपचा मुख्य पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. वाक्य आठवत होतं हो, इंग्रजी अक्षरांत कसं लिहिलं ते आठवेना!

"सरका!" मंदा ओरडली. "वीस मिनिटं राह्यले. सुधाकर, तू बस. तुह्यं टायपिंग चांगलं हाय."

"नको नको! पासवर्ड कोणाले सांगू नाई!"

"काऊन? सुधाकर का परका हाय?"

"सांगा भाऊजी," सुधाकर बोटं मोडत म्हणाला. "मी कोणाले नाई सांगत."

घड्याळाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणालो, "ए, वाय, ए, टी, ओ, बी, ए..."

"आयतोबा," सुधाकरनं शांतपणे वाचलं. "फुडं?"

"एस, ए, एल, ए..."

"साला." त्याचा आवाज जरा उतरला. "फुडं?"

"के, ए, डी, एच, आय... जे, ए, आय, एल."

"कधी जेल?" मंदा चकित. "कोणाले जेल?"

"जेल नोहे ताई," सुधाकर म्हणाला. "जाईल. आयतोबा साला कधी जाईल."

मंदा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. त्यात पासवर्ड पुन्हा चुकला!

"भाऊजी," सुधाकर खाली मान घालून म्हणाला, "जाईलमंधी दोन ए टाकून पाहू का?"

उघडलं! पाच वाजायला चार मिनिटं असताना फॉर्म गेला. सुधाकर उठला, पिशवी भरली आणि एसटी स्टँडकडे निघाला. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. चपला न घालता मागे धावलो.

"सुधाकरभाऊ, चुकलं माह्यं! चाला घरी!"

"तुमी एवढं म्हणता तं..." म्हणत तो लगेच वळला, आणि आणखी नऊ दिवस राहिला.

मंदानं त्याच संध्याकाळी मुख्य पासवर्ड बदलला. नवा फक्त तिला माहीत आहे. मला विजेचं बिल पाहायचं असलं तरी आधी तिच्याकडे अर्ज करावा लागतो. प्राची फोनवर खूश आहे. म्हणते, "बाबा, आता आपलं सगळं एकदम सुरक्षित हाय."

आहे ना. माझ्यापासून!