पोचल्याचा फोन

आमच्या जिल्ह्याच्या छोट्या विमानतळावरून उडालेलं विमान पन्नास मिनिटांत तितक्याच छोट्या दुसऱ्या विमानतळावर उतरलं. सामानाच्या पट्ट्याजवळ जो तो घरी फोन करत होता. मला सोडायला आलेल्या थोरल्या भावाला मीही लावला.

"दादा, पोचलो."

"इतक्यात? मी अजून एसटीतच आहे रे. घर यायला तास तरी लागेल."

दोन शहरं जवळ आली होती; दादाचं घर मात्र होतं तिथंच, तितकंच लांब होतं. दर वेळी तो मला सांगतो ते आज मी त्याला सांगितलं, "पोचलास की फोन कर."

माझा फोन येईपर्यंत तो कधी जेवायला बसत नाही.

खाणावळीत माझ्यासमोर ताट आलं. मी फोन ताटाशेजारी ठेवला आणि नुसता बसून राहिलो.