चालवायचं नाही

पाड्यावरच्या शाळेत आम्ही आरोग्य केंद्राची माणसं तिथल्या बायकांना साप चावल्यावर काय करायचं ते शिकवत होतो. ‘चावलेल्याला चालवायचं नाही, झोळीतून न्यायचं,’ मी सांगितलं.

‘चालवलं तर?’ जानकीबाईंनी विचारलं.

‘विष लवकर पसरतं.’

जानकीबाईंची शेजारीण मला हळूच म्हणाली, ‘साप चावलेल्या नवऱ्याला हिनं खांदा देऊन सडकेपर्यंत चालवत नेला होता. तिथंच गेला.’

आपण शिकवतो ते उद्यासाठी. ऐकणारं माणूस मात्र कधी कधी मागे वळून पाहत असतं.

सरावाला जानकीबाईच पुढे आल्या. शेजारणीच्या मुलीला आडवं करून त्यांनी पाय हलू नये म्हणून तिच्या पायाला काठी बांधली. मुलगी हसत उठू लागली, तेव्हा त्यांनी तिला हातानं अडवलं.

‘पडून राहा, बाय,’ त्या म्हणाल्या. ‘तुला चालायचं नाही.’