आशाबाईंच्या स्लॅबचे एकवीस दिवस

पुंडलिकनगरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आशाबाईंनी अकरा वर्षं डबे केले. रोजचे तीस-पस्तीस डबे. क्लासची मुलं, बँकेतले दोघं, एक एकटे राहणारे गुरुजी. स्वयंपाकाच्या खोलीला खिडकी नव्हती. मिरचीची फोडणी पडली की अख्खं घर खोकायचं. मे महिन्यात पोळ्या लाटताना घाम परातीत पडू नये म्हणून आशाबाई कपाळाला फडकं बांधायच्या. नवरा कडूबा वाळूजच्या एका कंपनीत कामाला. दोघांनी मिळून शहराच्या कडेला वीस बाय तीसचा प्लॉट घेतला तेव्हा कडूबांच्या डोक्यात बरंच काही होतं. समोरून दगडी टाइल्स, पुढं मोठा हॉल, हॉलला पीओपी. आशाबाईंनी एकच मागितलं, स्वयंपाकघराला खिडकी.

मागितलं एकच, पण काम सुरू झालं आणि बाकीचं सगळं आपोआप त्यांच्याच अंगावर आलं. कडूबांची ड्यूटी शिफ्टची. सोमनाथ मिस्त्री गावाकडचा, भला माणूस, पण शेवटी मिस्त्रीच. आशाबाईंनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं, की जे एकदा गाडलं की परत उघडता येत नाही तिथं हात आखडायचा नाही, आणि जे मागाहून होतं ते मागाहून. पाया काळ्या मातीच्या खाली मुरूम लागेपर्यंत खोदायला लावला. तो खर्च भरून काढायला दगडी टाइल्स गेल्या, पीओपी गेलं, मग गेटही गेलं.

"गेट बी नाय?" कडूबांनी विचारलं.

"चोरानं न्यावं असं आत आहे काय आपल्याकडं? पुढच्या वर्षी बघू."

पहिली वीट चढायच्या आधी त्यांनी हौद बांधून घेतला, चांगला दहा हजार लिटरचा. सोमनाथला हसू आवरेना. "काकू, लोकं घर बांधून हौद बांधतात. तुम्ही हौदाला घर बांधायलात."

आशाबाईंचा हिशेब साधा होता. नळाला पाणी आठव्या दिवशी. त्या दिवशी हौद भरून घेतला की पुढचे आठ दिवस विटा भिजतात, भिंतींवर पाणी मारून होतं आणि टँकरवाल्याचं तोंड बघावं लागत नाही. आसपासच्या बांधकामांवर दिवसाआड टँकर उभा असायचा, यांच्या प्लॉटवर कधीच नाही. दोन महिन्यांत त्या गल्लीत घर बांधणाऱ्या आणखी दोघांनी आधी हौद खोदला, तेव्हा सोमनाथचं हसू थांबलं. आशाबाईंनी तेवढं बरोबर टिपून ठेवलं.

भांडण झालं ते खिडकीवरून. प्लॉटला लागून तात्यासाहेबांचं आवार होतं. ही सगळी जमीन मूळची त्यांचीच. प्लॉट पाडून विकली आणि स्वतःपुरती विहीर, गोठा आणि चार पेरूची झाडं ठेवली. बाजूच्या भिंतीत खिडकीची चौकट बसलेली दिसली तसे ते काठी टेकत आले.

"बाई, शेजाऱ्याच्या आवारात खिडकी उघडायची रीत नाय. आज वारा घ्याल, उद्या खरकटं टाकाल."

"तात्यासाहेब, भिंत माझी आहे. त्यात काय ठेवायचं ते मी बघीन."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

एप्रिलात स्लॅबची वेळ आली. नळाचा दिवस शुक्रवार, म्हणून आशाबाईंनी स्लॅब गुरुवारी धरला. विटकाम संपल्यानं हौद भरलेलाच आहे, काँक्रीटला सगळं पाणी वापरून टाकायचं, दुसऱ्या दिवशी नळ हौद भरून देतो, ते पाणी स्लॅबवर सोडायचं. टँकर एकही नाही. या हिशेबावर त्या मनातून इतक्या खूश होत्या की मजुरांना शिरा-पुरी वाढताना तो त्यांनी दोघा-तिघांना सांगूनही दाखवला. संध्याकाळी स्लॅब पुरा झाला तेव्हा हौदाच्या तळाशी बादलीसुद्धा बुडत नव्हती.

शुक्रवारी पहाटे नळ आलाच नाही. सातच्या सुमारास मोबाइलवर निरोप फिरला, की मोठी लाइन फुटली आहे, पाणी तीन दिवस पुढं.

सोमनाथ वर जाऊन आला आणि हौदाच्या काठावर बसला. "काकू, दहाच्या आत वर पाणी पायजे. बेचाळीसचं ऊन हाय. आज कोरडा राहिला तर केसासारख्या चिरा पडतील. आता दिसणार नाय, पावसाळ्यात दिसतील."

"आणि मग?"

"मग काय. जलमभर गळायलं म्हणून वरून डांबर फासत बसायचं."

कडूबांनी पाच टँकरवाल्यांना फोन लावले. अख्ख्या शहराचं पाणी पुढं गेलेलं, कुणीच उद्या संध्याकाळच्या आत यायला तयार नव्हतं. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि बायकोकडं न बघता म्हणाले, "एक टँकर आणून ठेवला असता तर."

"माझी चूक आहे," आशाबाई म्हणाल्या. "हौद माझाच होता ना, त्याचा लई भरोसा धरला."

त्यांनी पदर खोचला आणि सरळ तात्यासाहेबांच्या आवारात गेल्या. तात्यासाहेब म्हशीला वैरण टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पाणी पाहिजे. स्लॅबला. आजपासून नळ येईपर्यंत."

"माहीत हाय मला. लाइन फुटली." त्यांनी पेंढी सोडली. "विहिरीला पाणी हाय. मोटार बी हाय. पण बाई, तुम्हीच म्हणालात, भिंत तुमची. तशी विहीर माझी."

आशाबाईंनी मागं वळून आपल्या घराकडं पाहिलं. गोठ्यातून ती खिडकी समोरच दिसत होती. अजून झडपा नव्हत्या, नुसती चौकट, आणि तिच्यातून आतला अंधार. अकरा वर्षं त्यांनी त्या चौकटीची वाट पाहिली होती. आणि तिच्यावर कालचा ओला स्लॅब, ऊन चढत चाललेलं.

"खिडकी बुजवते," त्या म्हणाल्या.

तात्यासाहेबांनी आता मान वर केली. "मालकाला विचारलं का?"

"खिडकी माझी होती. त्यांना काय विचारायचं?"

म्हाताऱ्यानं हातातली वैरण म्हशीपुढं टाकली. मग काठी घेऊन मोटारीच्या खोलीकडं गेला.

साडेनऊला पाइप स्लॅबवर चढला. सोमनाथची माणसं सिमेंट-वाळूच्या वळ्या घालून चौकोनी वाफे करू लागली. आशाबाई फर्दापूरकडच्या, माहेरी कांद्याच्या वाफ्यांना पाणी देत वाढलेल्या. त्यांनी शिडी चढून पाहिलं आणि माणसांना थांबवलं. "एवढे मोठे वाफे नको. उतार त्या कोपऱ्याला आहे, सगळं पाणी तिकडं जाईल आणि इकडचं सुकेल. लहान करा." मग किराणा दुकानातून मागून आणलेली बारदानं भिजवून काठांवर अंथरली. दुपारी खाली उतरल्या तेव्हा सोमनाथ खिडकीची चौकट काढत होता.

"वर झरोका ठेवू का, काकू? कुणाला कळायचं नाय."

"शब्द दिला तर पुरा द्यावा. विटा लाव."

विटा लागल्या. स्वयंपाकघरात अंधार झाला तेव्हा त्या तिथं थांबल्या नाहीत, डबे भरायला पुंडलिकनगरला निघून गेल्या.

सोमनाथच्या मते सात दिवस पाणी पुरे होतं, इंजिनिअरनं चौदा सांगितले होते, आशाबाईंनी एकवीस धरले. पहाटे एकदा, डबे पोचवून आल्यावर एकदा आणि ऊन कललं की एकदा, त्या शिडीनं वर चढायच्या. वाफ्यात बोट बुडवून बघायच्या. चौथ्या दिवशी नळ आला, हौद भरला. त्यांनी स्वतः जाऊन तात्यासाहेबांची मोटार बंद करायला सांगितली आणि विजेच्या बिलाचं विचारलं. "ते राहू द्या," एवढंच ते म्हणाले.

दहाव्या दिवशी वाफे भरून खाली येताना आशाबाई पुढच्या खोलीत थांबल्या. कडूबांचा हॉल. रस्त्याच्या बाजूला पाच फुटांची खिडकी, दुपारभर वारा. स्लॅबखालच्या टेकूंमधून वाट काढत त्या मागं गेल्या, पुढं आल्या, पावलांनी अंतर मोजलं. संध्याकाळी कडूबा आल्यावर म्हणाल्या, "ओटा पुढं घ्यायचा. हॉल मागं."

"रस्त्यावर स्वयंपाक? दारात पाऊल टाकलं की पाव्हण्याला कढई दिसणार?"

"कढई दिसली की जेवूनच जाईल."

"थट्टा नको करू. लोकं काय म्हणतील?"

"लोकांचा डबा त्याच खिडकीतून देता येईल, आतबाहेर चकरा नाहीत. खर्च म्हणाल तर पंधरा फूट पाइप वाढतो, फरशी अजून बसलेली नाही. आता नाही केलं तर मग फोडूनच करावं लागेल." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही नाइट करून येता, दिवसा झोपता. मागं आवाज नाही, गार आहे."

कडूबा पुढच्या खोलीत जाऊन उभे राहिले. एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. "अगोदर का नाय सुचलं हे?" ते म्हणाले.

"खिडकी होती ना तिकडं."

एकविसाव्या दिवशी सेंटरिंग खोललं. वर वाफ्यांत पाणी तसंच उभं होतं, आशाबाईंनी मुद्दाम सकाळी भरून घेतलं होतं. खाली एकेक टेकू निघाला, फळ्या धाडधाड पडल्या, धूळ उडाली. सोमनाथ "थांबा, थांबा" म्हणत असताना त्या आत शिरल्या. मोबाइलचा उजेड लावून कोपरान् कोपरा पाहिला. जिथं उतार होता तिथं स्टुलावर चढून तळवा लावला. मग दुसऱ्या कोपऱ्यात. तळव्याला सिमेंटची भुकटी लागली, ओल कुठंच नाही.

"कोरडा ठणठणीत," सोमनाथ म्हणाला. "वर तळं, खाली कोरडं. काकू, माझ्या हातचा एवढा चांगला स्लॅब दुसरा नाय."

"तुझ्या हातचा?" कडूबा म्हणाले, आणि बायकोकडं बघून हसले. त्या दिवशी कंपनीतल्या चौघांना त्यांनी फोन करून सांगितलं, की आमच्या मंडळींनी एकवीस दिवस पाणी दिलं.

तात्यासाहेब पेरूची पिशवी घेऊन आले होते. त्यांनी वर पाहिलं, मग पुढच्या खोलीतल्या खडूच्या खुणा पाहिल्या. "ओटा इकडं घेतला व्हय?"

"व्हय. हा रस्ता कुणाच्या आवारात येत नाही."

म्हातारा खोकल्यासारखं हसला आणि पेरू त्यांच्या हातात देऊन गेला.

सोमनाथनं टेप काढला. "ओटा बत्तीस इंच ना? सगळीकडं तेवढाच करतो."

"थांब." आशाबाई खिडकीसमोर भिंतीला लागून उभ्या राहिल्या. पोळी लाटताना हात धरतात तसे दोन्ही हात पुढं धरले, खांदे सैल सोडले. भाड्याच्या घरातल्या उंच ओट्यानं अकरा वर्षं त्यांचे खांदे भरून आणले होते. "आता माप घे, हाताच्या खाली."

सोमनाथनं वाकून टेप लावला. "तीस भरतं."

"मग तीसच कर," त्या म्हणाल्या, आणि त्यानं भिंतीवर खडूची रेघ मारेपर्यंत हात तसेच धरून राहिल्या.