भाऊजींची मधली पिन

माझ्या धाकट्या दिरांइतका जोडणारा माणूस आमच्या अवसरीत दुसरा झाला नाही. लग्नाला, भजनाला लाऊडस्पीकर लावायचा त्यांचा धंदा, आणि कुठलीही वायर कुठल्याही यंत्राला जोडता येते ही त्यांची श्रद्धा. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांच्या पिना असत. जाड पिन बारीक भोकात बसवणारी, बारीक पिन जाड भोकात बसवणारी, एकीची दोन तोंडं करणारी. मंचरला भाजी आणायला पाठवलं तरी पिनच घेऊन येत. "वैनी, न जुळणारं काय नसतं. मधली पिन पायजे," म्हणत. स्वतःचं लग्न मात्र जुळलं नाही. "त्याची पिन मंचरात मिळत न्हाई," म्हणून सासूबाई कपाळाला हात लावत.

शिनोलीच्या एका लग्नात त्यांनी टेप लाऊडस्पीकरच्या यंत्राला, माइकच्या भोकात जोडला. माइकचा आवाज मुळात नाजूक, म्हणून ते भोक त्याला खूप मोठं करतं. टेपचा आवाज आधीच दांडगा. सनई अशी फाटून ओरडली की घोडा नवरदेवासकट मांडवाबाहेर पळाला. "राव, सनई लावली का गिरण?" नवरीचे मामा ओरडले. तेव्हापासून भाऊजी प्रत्येक यंत्रावर माइकच्या भोकाशेजारी माझ्याकडून कुंकवाचं बोट लावून घेत.

सासूबाईंना हळदीची जुनी गाणी येत. ती पुरती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. एका दुपारी भाऊजींनी ती टेप करायला घेतली. घराची ओटी शेजारणींनी गच्च भरून गेली. कोपऱ्यातून मी पाहिलं, तर टेपवर कुंकवाशेजारचं भोक रिकामं. दुसरा टेप जोडायच्या भोकात माइकची पिन, मधल्या पिनेमुळं घट्ट बसलेली. कुंकू माझ्याच हातचं, तरी मी तोंड उघडलं नाही. एवढ्या लोकांत चौथी शिकलेल्या बाईनं त्यांना त्यांचं काम काय सांगायचं? सासूबाई सगळी गाणी गायल्या.

"आला का रं आवाज?"

"लई झ्याक, आये!"

कॅसेटमध्ये नुसती खरखर निघाली, आणि फार आत, विहिरीच्या तळाशी कुणी बोलावं तसं काहीतरी. कांदे निघाले की पुन्हा करू, भाऊजी म्हणाले. कांदे निघायच्या आत सासूबाई गेल्या.

भाऊजी अजून नवी पिन आणतात, ती कॅसेट लावतात, स्पीकरला कान लावून बसतात. "वैनी, हितं ऐका, आये हसली." मी हो म्हणते. परवा त्यांनी सहज विचारलं, "त्या दिवशी पिन कंच्या भोकात व्हती, आठवतं का तुमाला?"

मी चुलीकडं तोंड करून म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं, भाऊजी?"