उशिरा येईल त्याची खुर्ची

बुटक्याने दारात पाऊल टाकलं आणि त्याला कळलं, कुठेतरी पाणी मुरतंय. दर सुट्टीत थोरल्या काकांकडे सगळं खानदान जमायचं, पण वेळेवर येणं कुणाच्या रक्तातच नव्हतं. आज मात्र झाडून सगळे हजर! चुलत भाऊ, बहिणी, पोरंबाळं, नेहमी दिवस मावळताना उगवणारे धाकटे काकासुद्धा. आणि सगळे बुटक्याकडे असे बघत होते, जणू तो बळीचा बकरा.

"आला का शेवटचा?" थोरले काका गॅलरीतून गरजले. "चल, उशिरा येईल तो आधी खुर्चीत!"

हा घरचा कायदा होता. काका सलूनवाले. खाली दुकान, वर घर. सगळे जमले की ते गॅलरीत आरशासमोर जुनी खुर्ची मांडायचे आणि एकेकाला बसवायचे. "हसलास तर झुलपं वाकडी होतील," अशी तंबी द्यायचे आणि वर स्वतःच असं काही बोलायचे की हसू फुटलंच पाहिजे. मग सुट्टीभर सगळी भावंडं वाकड्या झुलपांनी गल्लीत हुंदडायची. ही कुणाच्या घरची पोरं, हे लांबूनच ओळखू यायचं.

नऊ वर्षांच्या बुटक्याने एकदा हट्टच धरला होता. "माझी पण दाढी करा, मोठ्यांसारखी!" सगळे खो-खो हसले, काका हसले नाहीत. त्यांनी गालभर फेस लावला, वस्तरा पट्ट्यावर परजला आणि उलटा धरून पाठीच्या बोथट बाजूने सगळा फेस उतरवला. तुरटी फिरवली आणि गंभीरपणे म्हणाले, "रोज करत जाऊ नकोस हं. केस राठ होतात." बुटक्या मान ताठ करून सगळ्यांसमोरून मिरवत गेला. आता तो चांगला सहा फूट झाला होता, पण नाव काही सुटलं नाही. आणि त्या सुट्ट्यांसारखं सुखही त्याला पुढे कुठे सापडलं नाही, हे सांगून टाकलेलं बरं.

पाणी प्यायला तो स्वयंपाकघरात शिरला तर काकूने दंड धरला.

"तुला कुणी फोन नाही केला? अरे देवा! मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचा कान कापला रे यांनी. टाके पडले. हात थरथरतो, पण कबूल करायला नको! म्हणे, तोच हलला. आमच्या चिरंजिवांनी दुकानाची किल्ली काढून घेतली, तेव्हापासून हे घरात धड बोलत नाहीत. आज सकाळपासून मात्र वस्तऱ्याला धार लावतायत."

"मग मी नाही म्हणतो."

"म्हण," काकूचे डोळे भरले. "पण तू नाही म्हणालास, तर तो माणूस उद्या अंथरुणातून उठायचा नाही."

इकडे आड, तिकडे विहीर! बुटक्या जाऊन खुर्चीत बसला.

काकांनी गळ्याभोवती टॉवेल बांधला. गाठ मारतानाच तीनदा चुकले. ब्रश फिरला, थोडा फेस नाकात गेला. दारात सगळे दाटीवाटीने उभे. समोरच्या आरशात बुटक्याला वस्तरा दिसला. पातं थांबता थांबत नव्हतं, उन्हाचा कवडसा भिंतभर नाचत होता.

"काका, जरा बसून करता का?"

"बसून? मला शिकवतोस? मान वर कर."

त्याने मान वर केली. गळा उघडा पडला. आयला, आपण हे काय करून बसलो! त्याने डोळे गच्च मिटले, खुर्चीचे हात आवळले. पोरांची शाळा, बायको, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पट्ट्यावर पातं सपसप घासल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

गळ्याला गार लोखंड टेकलं. थरथरत वर सरकलं, हनुवटीवरून गालावर आलं. पुन्हा खाली. पण बोचत नव्हतं. कापतही नव्हतं.

बुटक्याने डोळे उघडले. काकांनी वस्तरा उलटा धरला होता.

आरशात दोघांची नजर भेटली. काकांचे ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी. त्यांनी सावकाश सगळा फेस उतरवला, टॉवेलने गाल पुसले, तुरटी फिरवली. दोन दिवसांची दाढी जशीच्या तशी होती. दारातल्या सगळ्यांना ती दिसत होती.

धाकटे काका काहीतरी बोलणार, तोच बुटक्याने गालावरून हात फिरवला.

"वा! एकदम गुळगुळीत."

काकांनी वस्तरा मिटला. क्षणभर मुठीत धरला आणि बुटक्याच्या खिशात घातला.

"रोज करत जाऊ नकोस हं," ते म्हणाले. "केस राठ होतात."