गादीवरचा नेम

“ही बंदूक आहे की पाळणा?” फाटक सर ओरडले. आवाज असा, की गंगापूर धरणावरचे बगळे उडाले असतील. आमचं ऑफिस धरणापासून बरंच लांब आहे, ते सोडा.

फाटक सर म्हणजे आमचे क्लायंट, खास पुण्याहून आलेले. स्क्रीनवर आमच्या गेमची पहिली लेव्हल चालू होती. डोंगराचा पायथा, धुकं, दगडावर ठेवलेला पत्र्याचा डबा आणि त्यावर रोखलेली रायफल. रायफलचं टोक हळूच वर जायचं, हळूच खाली यायचं. सरांच्या गोळ्या डबा सोडून सगळ्या तालुक्याला लागत होत्या.

“संध्याकाळी मी निघणार. तोवर नेम जमला नाही, तर काम दुसऱ्या स्टुडिओला!”

आमचे मालक देवरे सर पांढरे पडले. मीही पडलो. कारण हा आमचा पहिला गेम. त्याआधी आम्ही बिल्डरांच्या न बांधलेल्या फ्लॅटचे व्हिडिओ करायचो. मी आयुष्यात इतकी मॉड्युलर किचन उघडली-मिटली आहेत, की स्वप्नातसुद्धा ड्रॉवर सरकतात. हे काम गेलं, की पुन्हा ड्रॉवर.

आता थोडं समजावून सांगतो. मी ॲनिमेशन बघतो. बहुतेक गेममध्ये बंदूक भिंतीत बसवलेल्या नळासारखी स्थिर असते. खऱ्या माणसाच्या हातात ती तशी कधीच नसते. पोटावर पडून नेम धरला, की श्वास घेताना छाती फुगते, खांद्याला टेकलेला दस्ता वर जातो आणि नळीचं टोक खाली. श्वास सोडला की उलट. या डोलण्याला आम्ही ‘स्वे’ म्हणतो. फाटक सरांना स्वे अस्सल हवा होता. म्हणून आम्ही जड लाकडी डमी रायफलला सेन्सर लावला, ती वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि आमचा ॲनिमेटर सचिन याला तिच्यामागे आडवं केलं. फरशी गार लागते म्हणाला, म्हणून खाली गादी घातली.

तिथेच घात झाला.

“सचिन, रेकॉर्डिंग कधी केलं?” देवरे सरांनी विचारलं.

“जेवण झाल्यावर, सर.”

“जेवायला काय होतं?”

“मिसळ. मग परत मिसळ.”

आमची प्रोग्रॅमर कल्याणी हिने ग्राफ उघडला. सुरुवातीला श्वासाची रेघ वेडीवाकडी. पुढे लाटा लांब, गोल, संथ. मध्येच एक हिसका.

“हा कसला?” देवरे सरांनी विचारलं.

“मान पडली असेल,” कल्याणी म्हणाली.

सॉफ्टवेअरला आम्ही सांगितलं होतं, स्वच्छ भाग तेवढा ठेव. त्याने जागेपणाचा भाग कचरा समजून फेकला आणि झोप ठेवली. आमचा सीमेवरचा जवान सटाण्याच्या सचिनच्या वामकुक्षीवर चालला होता! टेस्टिंग करणारा प्रत्येक जण आठवडाभर जांभया का देत होता, वॉचमन दाराशी का घोरत होता आणि छताचा पंखा एवढा मंद का झाला होता, ते मला तेव्हा उमगलं.

“मी झोपेल नव्हतो,” सचिन म्हणाला. “पोझिशन धरेल होती.”

“बाजूला हो!” फाटक सरांनी बूट काढले. “जागा माणूस नेम कसा धरतो, ते मी दाखवतो. कॉलेजात परेड केलीय मी.”

“गादी काढू का, सर?”

“राहू दे. गुडघा दुखतो.”

कल्याणीने सेन्सर थेट गेमला जोडला. सरांचा श्वास हलेल तशी गेममधली बंदूक हलणार. आधी नळी रागाने थरथरत होती. मग थरथर कमी झाली. पाहुणचार म्हणून देवरे सरांनी त्यांनाही दुपारी मिसळच खाऊ घातली होती.

रेघ लांबली. गोल झाली.

“उठवू?” मी कुजबुजलो.

“खबरदार! क्लायंटला कधी उठवतात?” देवरे सर म्हणाले.

मग आम्ही नुसते उभे राहिलो. पडदे ओढलेले, खोलीत स्क्रीनचा निळसर उजेड. नळीचं टोक वर यायचं, खाली जायचं. बघता बघता वाटायला लागलं, बंदूक जागेवरच आहे आणि डोंगरच श्वास घेतोय. धुकं सरांच्या नाकातून निघून पायथ्याशी पसरतंय. आमच्या पायाखालची फरशीही मऊ झाली आणि आम्ही चौघं त्या डोंगराच्या पाठीवर गवतासारखे अलगद वर-खाली होऊ लागलो. देवरे सरांचे डोळे मिटले होते. ते नाही म्हणतात. मी पाहिलंय.

“दादा,” कल्याणी मला हळूच म्हणाली, “थांबतंय बघ.”

खरंच थांबत होतं. श्वास सोडून झाला की पुढचा घेण्याआधी टोक क्षणभर निश्चल व्हायचं, बरोबर डब्यावर. आम्ही सगळे हलत्या टोकाच्या मागे धावत होतो. ते थांबेल याची वाट कुणी पाहिलीच नव्हती.

सचिनने माऊस हातात घेतला. सरांनी श्वास सोडला. टोक वर चढलं, थांबलं. क्लिक.

टण्ण!

सर ताडकन उठून बसले. “कोणी मारला?”

“तुम्हीच, सर,” सचिन म्हणाला. “मी फक्त बटण दाबलं.”

मग रेकॉर्ड झालेला त्यांचाच श्वास लावून सर खेळायला बसले. पहिल्या गोळ्या वाया गेल्या.

“टोकाच्या मागे पळू नका, सर. श्वास संपू द्या,” कल्याणी म्हणाली.

टण्ण. मग पुन्हा टण्ण. सर खुर्चीतल्या खुर्चीत उसळले.

“हेच ठेवा! कोणी हात लावला तर याद राखा.”

ड्रॉवर टळले. धडा एवढाच, की अस्सलपणा हवा असेल तर सेन्सर चांगला घ्यावा आणि गादी त्याहून चांगली.

निघताना फाटक सर बूट घालत होते. देवरे सरांना राहवलं नाही.

“सर, जरा डोळा लागला होता का?”

सरांनी लेस बांधली. मग दुसरीही बांधली.

“नाही. पोझिशन धरली होती.”